सोबतीला सासूबाई

"मिस्टरांचं नाव?" रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं.

"निलेश," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. त्यांची सून श्रुतिका भिंतीला डोकं टेकून बसली होती. बोलायचंही तिच्या जिवावर आलं होतं.

"आलेत का बरोबर?"

"नाही. मी आलेय ना."

मुलीने एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मूल राहत नाही म्हणून दाखवायचंय का?"

"मूल राहू नये म्हणून इंजेक्शन घेतलं होतं. तेव्हापासून पाळी थांबत नाहीये." रत्नप्रभाबाईंनी एका दमात सांगून टाकलं. शेजारच्या बाईने मोबाइलमधून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

दोघी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला आल्या होत्या. त्यांच्या पंतनगरात डॉक्टर ढिगाने आहेत, पण तिथल्या प्रत्येक दवाखान्याबाहेर कोणीतरी गाववाला भेटतोच.

"बाबांना काय सांगितलंत?" श्रुतिकाने मेट्रोत विचारलं होतं.

"दात दुखतोय म्हटलं. माझ्या तोंडाबद्दल त्यांना काहीही खरं वाटतं."

श्रुतिकाने घरात पत्ता लागू दिला नव्हता. पण संध्याकाळचा दिवा तिचा. पाळीत देवाला शिवायचं नाही, एवढीच एक जुनी रीत त्या घरात उरली होती. श्रुतिका ऑफिसातून रोज उशिरा यायला लागली, आणि दिवा लावणं रत्नप्रभाबाईंवर पडायला लागलं. मग एकदा ती ओट्यापाशीच चक्कर येऊन खाली बसली. तिच्या तोंडावर पाणी मारता मारता त्यांनी विचारलं, "कधीपासून चाललंय गो हे?" आणि सगळं बाहेर आलं. इंजेक्शनसुद्धा.

पुढे दोन दिवस त्या सुनेशी बोलल्या नाहीत. भांडी तेवढी बोलली. मग एका सकाळी चहाचा कप तिच्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, "इंजेक्शन घ्यायला सोबत कोण होतं?"

"कोणी नाही. एकटीच गेले."

"आता एकटी जायचं नाही."

सोनोग्राफी झाली, रक्त घेऊन झालं. दोघी पुन्हा बाकावर येऊन बसल्या.

"आई, कॅन्सर तर नसेल ना?"

"गप गो. मोबाइलवर वाचत बसतेस काहीबाही." पण रत्नप्रभाबाईंनी धरलेला तिचा हात बराच वेळ सोडला नाही.

डॉक्टर शुभा पन्नाशी उलटलेल्या, बोलायला रोखठोक. त्यांनी रिपोर्ट पाहून चष्मा काढला. "घाबरण्यासारखं काही नाही. सोनोग्राफी साफ आहे. या इंजेक्शनने काहीजणींना असं होतं, पाळी लांबते. देताना सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं असेल. माझं लक्षच नव्हतं. कोणी बघेल म्हणून घाबरले होते."

"आणि मग एवढे दिवस अंगावर काढलंस. रक्त किती कमी झालंय बघ. लगेच यायचं, कळलं? लाजायचं काय त्यात?"

श्रुतिकाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण खांदे पहिल्यांदा सैल पडले.

"थांबायच्या गोळ्या देते, लोहाच्या देते. आठवड्याने परत यायचं. मध्ये जास्त जायला लागलं तर तेवढंही थांबायचं नाही. पुढचं इंजेक्शन नको. तांबीचं नंतर बघू, तोवर नवऱ्याला म्हणावं निरोध वापर. सगळं बायकोनेच करायचं का? त्याला सांगायला जमेल ना?"

श्रुतिका टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

"मी सांगते त्याला," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "तुम्ही सांगणार, काकू?"

"वाटेल थोडी लाज. मला आणि त्यालाही. हिचा जीव जातोय तो बरा का?"

डॉक्टर हसल्या. "इतकी वर्षं इथे बसतेय. सासवा येतात त्या नातू का होत नाही ते विचारायला. असल्या त्रासात सुनेचा हात धरून आलेली तुम्ही पहिलीच. मुलगा नशीबवान आहे हो तुमचा."

रत्नप्रभाबाईंनी गळ्याभोवती लपेटलेला पदर आणखी घट्ट केला. "एसी फार आहे तुमचा," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

खाली आल्यावर त्यांनी सुनेला शहाळं पाजलं आणि पहिली गोळी समोर उभं राहून घ्यायला लावली. घाटकोपरला उतरून दोघी रिक्षात बसल्या.

"आई, तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. दोन दिवस आला."

"मग?"

"मग काय. हल्ली तू भाजी निवडताना गुणगुणतेस. आमच्या घरात कोणी गुणगुणायचं बंदच झालं होतं. तेवढ्यासाठी राग गिळला. चहाबरोबर."

श्रुतिका खूप दिवसांनी हसली आणि हसता हसता तिने तोंड बाहेर वळवलं.

"रडायचं असेल तर इथेच रडून घे. घरी गेल्यावर हे विचारतील, दात माझा दुखतोय आणि रडतेयस तू."

पंतनगरच्या वळणाअलीकडे रत्नप्रभाबाईंनी रिक्षा बाजूला घ्यायला सांगितली. श्रुतिकाने गळ्यातलं मंगळसूत्र काढून त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते आपल्या गळ्यात घातलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हर्षदला म्हणावं, रविवारी घरी येऊन यांना रीतसर भेट. निलेशला जाऊन चार वर्षं झाली, आता अजून किती दिवस माझंच उसनं घालून फिरशील?"