आठवा खिळा

"पप्पा, भिंतीवरच्या या सात तलवारींपैकी आपल्या घराण्याची कोणती?" हे पप्पांना विचारून दाखवायची मैत्रिणींनी लावलेली पैज आम्रपालीने एकदाची पुरी केली.

"सगळ्याच. पावत्या आहेत माझ्याकडे," भिंतीत आठवा खिळा ठोकत पप्पा म्हणाले.

तिचं डोकंच सणकलं. प्रत्येक पात्यावर कुणा ना कुणा परक्या अधिकाऱ्याचं नाव कोरलेलं, आणि दर रविवारी त्यांना तेल लावून पुसत बसायचं मात्र हिने! "आजोबा चोवीस वर्षं फौजेत होते ना? मग त्यांची कुठाय?"

"शिपायाला तलवार देत नाहीत गं. ती ऑफिसरची." पप्पांचा हातोडा थांबला. "अण्णा आयुष्यभर असल्या तलवारींपुढे सॅल्यूट ठोकत उभे राहिले. म्हणून तर घरात आणतोय एकेक. उद्या आठवी आणणार आहे जुन्या बाजारातून."

"नका आणू." आम्रपालीने कापसाचा तेलकट बोळा खाली ठेवला. "आई, बाहेर ये, तूही ऐक. बारावीला मी एनडीएचा फॉर्म भरणार आहे. खिळा तेवढा पक्का ठोका, पप्पा. आठवीवर आपलं नाव असेल."