माकड की झाड

"माकडांची चौकी ठेवा मॅडम, झाडांची बंद करा," थोरला भाऊ म्हणाला. आणि हा स्वतः झाडांचा राखणदार!

वनखात्याच्या मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. उद्यापासून दोनपैकी एकच चौकी चालणार होती. एका डोंगरावर दुर्मिळ माकडं, पलीकडच्या डोंगरावर तितकीच दुर्मिळ सूचिपर्णी झाडं. दोन सख्खे भाऊ दोन्हीकडे राखणदार. एकाची नोकरी जाणार आणि त्यानं राखलेलं सगळं वाऱ्यावर पडणार.

सकाळपासून त्या तक्ता मांडून बसल्या होत्या. माकडं त्रेसष्ट, झाडं तीनशे दहा. म्हणजे माकड आधी? पण माकडाला वर्षाआड पिल्लू होतं, झाडाला बी धरायलाच चाळीस वर्षं लागतात. म्हणजे झाड आधी? संकट आलं तर माकड पळेल तरी, झाड बिचारं जागच्या जागी. पण माकडामागे शिकारी लागतात. झाडामागे कुऱ्हाडवाले लागतात, ते वेगळेच. गुणांची बेरीज दोन्हीकडे सतरा आली आणि मॅडमच्या डोक्याचा पार भुगा झाला.

म्हणून भावांना बोलावलं. दोघं भांडतील, त्यातून काहीतरी कळेल, असा त्यांचा हिशोब.

"दादाचं ऐकू नका," धाकटा म्हणाला. "झाडांची चौकी ठेवा. माझं मी बघेन कुठेतरी."

मॅडमना गहिवरून आलं. पण गहिवरानं तक्ता भरत नाही.

"तुमची माया कळली मला. पण तिच्यापायी माझी निवड चुकली, तर एक जात कायमची संपेल. खरं काय ते सांगा."

धाकट्यानं हातातली टोपी टेबलावर ठेवली.

"संपलीय, मॅडम. रोग आला होता. शेवटचं माकड गेल्या थंडीत मेलं. मी दर महिन्याला मागचाच आकडा उतरवत होतो. तपासायला वर कुणी येत नाही."

मॅडमनी तक्त्यातला त्रेसष्टचा आकडा खोडला. रागवावं तरी कसं? पण निदान गुंता तरी सुटला होता. त्यांनी झाडांसमोर खूण करायला पेन उचललं.

थोरला धाकट्याकडे बघत होता.

"माझी झाडं दोन वर्षांपूर्वीच किडीनं वाळली रे," तो म्हणाला. "मला वाटलं, निदान तुझी माकडं तरी असतील."