बगळ्यांची पिल्लं

मुलुंडच्या त्या प्लॉटवरचा रेन ट्री पाडला, तेव्हा शिल्पकार शर्मिष्ठा कुंपणाबाहेर उभी राहून घसा फोडून ओरडत होती. कोणी ऐकलं नाही. झाडाबरोबर बगळ्यांची घरटी खाली आली आणि पिल्लं चिखलात तडफडून मेली.

टॉवर उभा राहिल्यावर त्याच बिल्डरचा, यज्ञेश सामंतचा, तिला फोन आला. लॉबीत त्याच झाडाच्या लाकडाचं शिल्प हवं होतं. "पक्षी करावेत तर तुम्हीच, मॅडम!" त्याने तिला ओळखलंच नव्हतं. तिने दात आवळून होकार दिला.

उद्घाटनाला शिल्पावरचं कापड सरकलं. माना वाकड्या झालेली, पंख फाकलेली पिल्लं. तिने पाहिली होती तशीच. आता चारचौघांत याची जिरणार, म्हणून ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"झकास!" यज्ञेश खाली वाकून म्हणाला. "काय गाढ झोपलीयेत ना!"

"झोपलेली नाहीत ती. मेलीयेत." पण टाळ्यांच्या कडकडाटात तिचा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

तो हसत तिच्याकडे वळला. "पवईला आता एक वड पाडतोय. लाकूड तुमच्याकडेच पाठवतो. त्यावर पोपट आहेत."