मागितलेली बॅटरी

मनमोहनचं बोट स्टार्टरच्या बटणावर टेकलं आणि सुमतीनं त्याचा हात धरला.

"नका दाबू," ती हळूच म्हणाली.

मांडीवर दोन वर्षांचा नंदू होता. छातीत घरघर, ओठ निळसर पडलेले. लवकरात लवकर परळचं इस्पितळ गाठायचं होतं. पण जिन्याशी उभ्या गाडीभोवती निम्मी वाडी जमली होती, आणि सकाळी याच मंडळींच्या देखत सुमतीनं सांगितलं होतं, की गाडीची बॅटरी उतरली आहे.

सकाळी समोरच्या बिऱ्हाडातला जयवंत आला होता. मनमोहनबरोबर याच वाडीत वाढलेला. संध्याकाळी नाक्यावर समितीची सभा, आणि लाउडस्पीकरसाठी त्याला गाडीची बॅटरी हवी होती. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं सुमतीलाही वाटत होतंच. पण नवरा सचिवालयात, निवडणूक तोंडावर. सरकारी माणसाची बॅटरी समितीच्या व्यासपीठाखाली कुणी पाहिली तर? नाही म्हणायचा धीर होईना, म्हणून जिभेवर आलं ते ती बोलून गेली. जयवंतनं बरं म्हटलं आणि कुणा टॅक्सीवाल्याकडून दुसरी मिळवली.

आता तीच वाडी मदतीला धावली होती. बटण दाबून काय होणार, बॅटरी उतरलीय त्यांची, असं खिडकीशी कुणीतरी म्हणालं. कुणी नाक्याकडे पळालंही. तिकडचा लाउडस्पीकर भाषणाच्या मध्येच गप्प झाला. सुमतीनं ते ऐकलं. हात सोडला असता तर गाडी त्याच क्षणी निघाली असती. तिला तो सोडवेना. मनमोहननं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं. तो तिचा हात झटकणार, एवढ्यात जयवंत फाटकातून आत आला.

बॅटरी खांद्यावर, सदऱ्यावर ॲसिडचे ओघळ. सुमतीनं धरलेल्या हाताकडे एकदा बघून त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि वळून सगळ्यांना म्हणाला, "फाटकापर्यंत मागं व्हा. ॲसिड उडतं, डोळ्यात जाईल."

माणसं हटली. सुमतीनं डोळे मिटून घेतले. आता तो मान वर करणार, आता विचारणार. बॉनेटआड पाना वाजला. पुन्हा वाजला. मग हाक आली, "दाब रे, मनू."

गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. फाटकाशी टाळ्या पडल्या. घाईत त्याच्या काही लक्षात आलं नाही, सुटलो एकदाचे, असं सुमतीच्या मनात आलं; आणि नंदूचा श्वास मांडीवर अडखळत असताना आपल्याला हे सुचावं, याची तिला शिसारी आली. नाक्यावर वक्ता दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होता. मागची माणसं कानाशी हात नेत होती.

इस्पितळात इंजेक्शन दिलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. सुमतीनं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूला झोप लागल्यावर, तिथं येऊन पोचलेल्या सुमतीच्या आईला त्याच्यापाशी बसवून दोघं घरी आली. गाडी जिन्याशी लावून मनमोहन बॅटरी काढायला उतरला. जयवंतला ती परत द्यायची होती. बॉनेट उघडून तो तसाच उभा राहिला. आत त्यांची स्वतःचीच बॅटरी होती. जागची हललीसुद्धा नव्हती.

सुमतीनं जिन्याखाली पाहिलं. कोपऱ्यात गोणपाट टाकलेलं होतं. तिनं ते उचललं. टॅक्सीवाल्याची बॅटरी तिथं होती, काल जयवंतनं बॉनेटआडून सरकवली तशी.

समोरच्या बिऱ्हाडात समितीची माणसं जयवंतला फैलावर घेत होती. सभेचा पार विचका झाला, निम्म्या लोकांना अक्षर ऐकू आलं नाही, गाडी चालू झाल्यावर दुसरी बॅटरी का नाही मिळवलीस? जयवंतचा आवाज घोषणा देऊन बसलेला होता. तरी तो वाडीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला.

"अरे, मिळवायची कुठून? होती ती वहिनींच्या गाडीत बसवली ना."