समुद्राकडचं ताट

मुरुडच्या सिद्दी जुलेखाबीच्या घरी जेवताना समुद्राच्या बाजूला एक रिकामं ताट मांडायची रीत होती. कशासाठी, ते तिच्या आजीलाही ठाऊक नव्हतं.

सत्तरीच्या जुलेखाबीने गोत शोधणाऱ्या यंत्रात थुंकीचा थेंब टाकला, आणि घटकाभरात समोरच्या भिंतीवर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं एक जितंजागतं अंगण उघडलं. तिथे माणसं जेवायला बसली होती. नाकं थेट तिच्या बापाची! आणि समुद्राच्या बाजूला एक रिकामं ताट.

"हे कुणाचं?" तिने कसंबसं विचारलं. यंत्राने ते त्यांच्या बोलीत सांगितलं.

"आमची पोर गुलाम म्हणून पळवून नेली, तिचं," तिथली म्हातारी म्हणाली. "तीनशे वर्षं झाली."

मग जुलेखाबीला निरखत ती आत वळून ओरडली, "भात आणा गं, पोर आली!"