शेवटची चांदणी

निवृत्त होणाऱ्या कोच हालवर्सनना मानवंदना द्यायला कॉलेजसाठी अमेरिकन फुटबॉल खेळलेले सगळे जुने खेळाडू मैदानात रांगेत उभे होते. बँड वाजत होता. रांगेत बाई मी एकटीच, कारण हात सोडला की माझा नवरा वेंडेल वाट चुकतो. जो डोक्यानं धडक मारून समोरच्याला आडवा करील, त्याच्या हेल्मेटवर कोच स्वतःच्या हातानं चांदणी चिकटवायचे. वेंडेलचं हेल्मेट चांदण्यांनी झाकून गेलं होतं. आज ते माझ्या पिशवीत होतं, कोचच्या पायाशी आपटायला. “काय रे रेड्या, सुटलास की!” कोच हसले. “तो मलाही ओळखत नाही,” मी म्हणाले. माझा हात पिशवीत गेला, तेवढ्यात वेंडेलनं सवयीनं वाकून उघडं डोकं त्यांच्यापुढे केलं. कोचनी खिशातून चांदणी काढून त्याच्या कपाळावर चिकटवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. वेंडेल हरखला. “आता कुणाला आडवा करू, कोच?”