पुराव्याचा रकाना
विश्रांतवाडीच्या वस्तीला आग लागली, त्यात यशोधराचं घर गेलं. परीक्षा आठवड्यावर होती आणि पुस्तकंही जळाली होती. कॉलेजच्या तातडीच्या मदतनिधीसाठी ती कार्यालयात गेली. “रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, वीजबिल. सगळ्यांच्या दोन झेरॉक्स,” लिपिक मान वर न करता म्हणाले. “सर, घर जळालंय.” “असं कुणीही म्हणेल. पुरावा आणा.” ती गेली आणि दुपारी परतली. आईची कागदपत्रांची पत्र्याची पेटी तिनं टेबलावर ठेवली, झाकण उघडलं. आत नुसती राख होती. “घ्या. रेशनकार्ड, दाखला, वीजबिल, सगळं यातच आहे. काढा झेरॉक्स.” रांगेतली मुलं पेटीत डोकावू लागली. लिपिकांनी पेटी बाजूला सारली. “उद्या या.” “उद्या नाही.” ती खुर्ची ओढून समोरच बसली. “माझ्या अर्जावर पुराव्याच्या रकान्यात ‘प्रत्यक्ष पाहिला’ असं लिहा आणि सही करा.” लिपिकांनी पेनाचं टोपण काढलं.